‘विचित्र जुनं गाव’ : जुन्या आणि वेगळ्या गोष्टींच्या विशेषणांविषयी

बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या एका महाविद्यालयात मी बरीच वर्षे इंग्रजी शिकवले. बी.ए.च्या वर्गाला भाषांतराचा सराव व्हावा म्हणून दर आठवड्याला एक लहानसा उतारा देत असे. एकदा इंग्लंडमधल्या एका खेड्याचे वर्णन दिले होते. त्या खेड्याला दोन विशेषणे होती : ‘क्वेंट’ आणि ‘ओल्ड’. बहुतेकांनी पहिले गाळून ‘जुने गाव’ एवढेच लिहिले. काहींनी ‘सुंदर जुने गाव’ लिहून वेळ मारून नेली. मागच्या बाकावरच्या एका मुलाने मात्र शब्दकोश उघडला होता. त्याने लिहिले होते, ‘विचित्र जुनं गाव’.

मी ते वर्गात मोठ्याने वाचले. वर्ग हसला. ‘‘विचित्र गाव म्हणजे काय रे? भुताखेतांचं का?’’ असे मी विचारले. तो उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘सर, आमचं जुनं गाव विचित्रच आहे. पावसाळ्यात खाली जातं आन् उन्हाळ्यात वर येतं.’’ वर्ग आणखी हसला. मला ते उलट उत्तर वाटले. त्या शब्दाखाली लाल रेघ ओढून मी पुढच्या वाक्याकडे वळलो. त्यानंतर वर्ष संपेपर्यंत त्याने वर्गात हात वर केला नाही.

मुलगा इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवचा होता, हे मला पुढे कळले. त्याने दोन्ही गोष्टी बरोबर सांगितल्या होत्या, हे कळायला त्याहून अधिक वर्षे लागली. एक गोष्ट गावाबद्दलची होती, दुसरी शब्दाबद्दलची. हा लेख त्या लाल रेघेचा हिशोब आहे.

एका जात्याची आठ विशेषणे

इंग्रजीत जुन्या वस्तूंसाठी विशेषणांचे मोठे कुटुंब आहे. शब्दकोशात ती एकमेकांच्या शेजारी बसतात आणि विद्यार्थ्याला वाटते, कोणतेही उचलले तरी चालेल. तसे चालत नाही. आपल्या घरच्या माळ्यावर पडलेले एखादे जाते घेऊन ही विशेषणे एकेक करून त्याला लावून पाहू.

‘ओल्ड’ म्हटले तर आपण फक्त जात्याचे वय सांगितले. त्याच्याबद्दल मत दिले नाही. ‘ओल्ड-फॅशन्ड’ म्हटले की ते जुन्या वळणाचे ठरते. हा शब्द सुरावर चालतो. प्रेमाने म्हटला तर कौतुक, नाक मुरडून म्हटला तर टीका. ‘अँटिक्वेटेड’मध्ये असा दुहेरीपणा नाही. अजून हेच वापरता? केव्हाच टाकून द्यायला हवे होते, असा त्यात टोमणा आहे. ‘ऑब्सोलीट’मध्ये टोमणा नाही, निकाल आहे. वस्तू वापरातून गेली, विषय संपला. हा अभियंत्यांचा आणि भांडारपालांचा शब्द.

‘आर्केइक’ आणि ‘ऑब्सोलीट’ यांत इंग्रजी कोशकार नेमका भेद करतात. जो शब्द आता कोणी वापरत नाही तो ‘ऑब्सोलीट’. जो रोजच्या बोलण्यातून गेला, पण प्रार्थनेत, कायद्यात किंवा मुद्दाम जुना रंग देण्यासाठी अजून येतो तो ‘आर्केइक’. ‘आर्केइक’च्या मुळाशी ग्रीकमधला आरंभवाचक शब्द आहे, म्हणजे आरंभीच्या काळातले. ‘अँटिक’ म्हटले की वयाची किंमत झाली. तेच जाते माळ्यावरून उतरून पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यात जाते, त्यावर काच बसते आणि त्याचे टेबल होते. ‘व्हिंटेज’ म्हणजे आपल्या काळातले उत्तम. हा शब्द मुळात द्राक्षतोडीचा. अमुक सालच्या तोडीची द्राक्षे चांगली म्हणून त्या सालची दारू चांगली, आणि तिथून तो मोटारी आणि घड्याळांवर गेला. बारामती-इंदापूरच्या द्राक्षबागायतदाराला हे समजावून सांगावे लागत नाही. एका बागेची दोन साले सारखी नसतात, हे तो जाणतो.

आठवा शब्द ‘क्वेंट’. जुन्या वळणाचे, जरासे वेगळे आणि म्हणूनच बघायला गोड वाटणारे, ते ‘क्वेंट’. वरवर पाहता हे कौतुक आहे. पण त्यात एक अट लपलेली आहे : ती वस्तू आता निरुपद्रवी झालेली असली पाहिजे. ज्याची आपल्यावर सत्ता चालते त्याला कोणी ‘क्वेंट’ म्हणत नाही.

बारामती तालुक्यातल्या सुप्याचे उदाहरण घेऊ. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. १२ मे १८७५ रोजी तिथल्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला, वह्या आणि कर्जाची खते हिसकावून जाळली. दख्खनच्या दंग्यांची सुरुवात तिथून झाली आणि त्यातून १८७९ चा शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला. त्या काळातले एखादे मोडीतले कर्जखत आज चौकटीत घालून भिंतीवर लावले, तर पाहुणा त्याचे वळणदार अक्षर पाहून खुशाल ‘क्वेंट’ म्हणेल. ज्याच्या अंगठ्याचा ठसा त्याखाली होता, त्याच्या तोंडून हा शब्द निघाला नसता. कागद तोच आणि अक्षरही तेच. बदलले ते बघणाऱ्याचे कागदापासूनचे अंतर.

म्हणून ही आठ विशेषणे वस्तूपेक्षा बोलणाऱ्याची माहिती अधिक देतात. तो वस्तूच्या किती जवळ आहे, ती वापरतो की विकतो, तिला भितो की तिच्याकडे पाहून हसतो, हे त्यातून कळते.

शब्दांचेही वय होते

गंमत अशी, की जुन्या वस्तूंना लावायचे हे शब्द स्वतःही जुने होत गेले आणि अर्थ पालटत गेले.

‘क्वेंट’ हा शब्द तेराव्या शतकाच्या आसपास जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्याचे मूळ लॅटिनमध्ये आहे आणि तिथे त्याचा अर्थ ‘ज्ञात’, माहीत असलेला. माहीतगार तो चतुर, म्हणून आधी अर्थ झाला हुशार. मग हुशारीने, कसबाने घडवलेली वस्तू. मग नटवी, नक्षीदार. नक्षी फार झाली की ती चमत्कारिक वाटते, म्हणून मग अनोखी. आणि अठराव्या शतकाच्या अखेरीपासून आजचा अर्थ : जुनाट पण गोड. ‘माहीत असलेला’ इथून निघालेला शब्द ‘अनोळखी वाटणारा’ इथे येऊन पोचला.

‘अँटिक’चे एक भावंड इंग्रजीत आहे, ‘अँटिक्स’, म्हणजे माकडचाळे. दोघांचे मूळ एकच, ‘प्राचीन’ या अर्थाचे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस रोममध्ये नीरो बादशहाच्या गाडल्या गेलेल्या महालातली चित्रे सापडली. अर्धी माणसे, अर्ध्या वेली, असे ते प्रकार. प्राचीन म्हणून त्यांना ‘अँटिको’ म्हणत आणि गुहेसारख्या जागी सापडली म्हणून ‘ग्रोटेस्क’. त्या वेड्यावाकड्या आकृतींवरून एक शब्द विदूषकी चाळ्यांकडे गेला, दुसरा बीभत्साकडे. मूळ शब्द मात्र लिलावाच्या दुकानात प्रतिष्ठित होऊन बसला.

वेगळेपणा सांगणारे शब्दही असेच लांबून आले आहेत. ‘ऑड’ म्हणजे मुळात विषम : जोडी लावून झाल्यावर उरलेला एक. ‘आउटलँडिश’ म्हणजे बाहेरच्या मुलखातला. ‘वीअर्ड’ म्हणजे नियती. शेक्सपिअरच्या मॅकबेथमधल्या चेटकिणींना तो शब्द या अर्थाने लागला आणि त्यांच्यामुळेच पुढे भयानक-विचित्र असा झाला. ‘एक्सेंट्रिक’ हा खगोलशास्त्रातला. ज्या वर्तुळाचा मध्य पृथ्वीवर येत नाही ते, म्हणजे केंद्र सुटलेले. आणि ‘पिक्यूलिअर’च्या मुळाशी चक्क जनावरे आहेत. लॅटिनमधला गुरांचा शब्द, त्यावरून खासगी मालमत्तेचा, त्यावरून ‘ज्याचे त्याचे’, आणि ज्याचे त्याचे म्हणजे इतरांसारखे नसलेले, म्हणून विशेष, मग विचित्र. गोधनाला धन म्हणणाऱ्या आपल्याला ही वाट परकी वाटायला नको.

जुना, जीर्ण, जुनाट, जुनेर

आता मराठीकडे येऊ. इंग्रजीत आठ शब्द आहेत आणि मराठीत एकच ‘जुना’, अशी तक्रार विद्यार्थी करतात. कॅप्टन मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली. मोल्सवर्थ आणि थॉमस कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालचा. पहिला चाळला की मराठीची श्रीमंती दिसते, दुसरा चाळला की अडचण दिसते : इंग्रजीच्या एका शब्दापुढे मराठीचे चार-पाच शब्द ओळीने येतात, पण त्यांतला कोणता कुठे चालतो हे वाचणाऱ्याला घरूनच माहीत असावे लागते. माझ्या विद्यार्थ्याने अशाच एका रांगेतला एक शब्द उचलला होता.

‘जुना’ आणि ‘जीर्ण’ हे एकाच घरातले. संस्कृत ‘जीर्ण’, प्राकृतात ‘जुण्ण’, मराठीत ‘जुना’. पुणे जिल्ह्यातल्याच जुन्नरचे नाव ‘जीर्णनगर’वरून आले असे मानतात. संस्कृतातून पुन्हा जसाच्या तसा घेतलेला ‘जीर्ण’ पडायला आलेला आहे : जीर्ण भिंत, जीर्ण वस्त्र, जीर्णज्वर. लोकांच्या तोंडी झिजत आलेला ‘जुना’ मात्र टणक आहे. जुना तांदूळ चांगला शिजतो, जुना गूळ औषधाला लागतो, जुन्या खोडाला सावली असते, जुनीजाणती माणसे चार गोष्टी सांगतात. ज्या शब्दाने रोज काम केले तो टिकला आणि ज्याला पोथीत जपून ठेवले तो मोडकळीस आला, असे गमतीने म्हणता येईल. मुळात त्या धातूचा अर्थ झिजणे, पचणे. म्हणून न पचलेले ते ‘अजीर्ण’. काळ ज्याला पचवून बसला ते जीर्ण.

‘पुराण’ हाही मूळचा ‘जुना’च. जे पूर्वी नवे होते ते पुराण, अशी फोड यास्काने निरुक्तात केली आहे. प्रत्येक जुनी गोष्ट एकदा नवी होती, एवढे साधे भान त्यात आहे. पण बोलताना ‘पुराण लावू नकोस’ म्हणजे लांबण लावू नकोस. ‘प्राचीन’ आणि ‘पुरातन’ हे आदराचे शब्द. ते देवळाला लागतात, पातेल्याला लागत नाहीत. ‘प्राचीन पातेले’ म्हटले तर लोक हसतील, आणि ते हसणे म्हणजेच व्याकरण.

‘जुना’ला शेवटी ‘ट’ लागला की रंग बदलतो. मळकट, रोगट, काळपट यांच्या पंक्तीला ‘जुनाट’ जाऊन बसतो. जुनाट आजार, जुनाट समजुती. ‘अँटिक्वेटेड’ला जवळचा मराठी शब्द हाच. आणि त्याच ‘जुना’पासून ‘जुनेर’ झाला, ज्याला इंग्रजीत एका शब्दाचा जोड नाही. वापरून वापरून मऊ झालेले लुगडे ते जुनेर. तान्ह्या बाळाला नवे कापड टोचते, म्हणून त्याची दुपटी जुनेराची करतात. वाकळ शिवायची तर आतबाहेर जुनेर लागते. ते फाटत गेले की फडके, पुढे चिंधी, शेवटी पोतेरे. प्रत्येक पायरीला वेगळा शब्द, कारण प्रत्येक पायरीला वेगळे काम.

इथे एक गोष्ट ध्यानात येते. जुन्या वस्तूसाठी मराठीत जे नेमके शब्द आहेत, त्यांतले पुष्कळसे तिचे रूप सांगत नाहीत. तिची जागा आणि तिचे काम सांगतात. वापरातले, ठेवणीतले, अडगळीतले, मोडीतले, भंगारातले. तांब्याचा हंडा ठेवणीतून अडगळीत जातो, अडगळीतून मोडीत. ‘मोडीत काढणे’ हा वाक्प्रचार माणसांनाही लागतो, तो त्यामुळेच. इंग्रजी ‘क्वेंट’ला एका शब्दाचा पर्याय मिळत नाही याचे एक कारण इथे असावे. तो शब्द काम संपलेल्या वस्तूकडे निवांत पाहत उभा राहतो. आपल्या घरात वस्तूचे काम संपले तर तिला दुसरे काम मिळे. नुसते पाहत बसायला ती मोकळी नसे.

आता ती मोकळी होऊ लागली आहे. बारामती तालुक्यात पळशीवाडीला २००५ च्या सुमारास कृषी पर्यटनाचे केंद्र सुरू झाले. शहरातली मुले येतात, बैलगाडीत बसतात, चुलीवरची भाकरी खातात. जे जाते काल टाकी लावून घ्यायला पाथरवटाची वाट पाहत होते, त्याला आज प्रेक्षक आहेत. त्यात वाईट काही नाही, शेतकऱ्याला चार पैसे मिळतात. पण ‘क्वेंट’ची नजर आपल्याकडेही आली आणि तिच्यासाठी शब्द लागेल, एवढे मात्र खरे.

नवल, अप्रूप, आक्रीत

वेगळेपणा सांगायला मराठीत शब्द कमी नाहीत. उलट इथे मराठी इंग्रजीपेक्षा बारकाईने तोलते. एखादी गोष्ट नेहमीपेक्षा वेगळी घडली तर ‘नवल’. दुर्मीळ आणि हवीहवीशी असेल तर ‘अप्रूप’; हा ‘अपूर्व’चाच घरगुती अवतार. या कोरडवाहू भागात कॅनॉल येण्याआधी वाहत्या पाण्याचे अप्रूप होते, असे म्हातारी माणसे सांगत. कधी न ऐकलेले, काळजात धस्स करणारे घडले तर ‘आक्रीत’. उलटे, अशुभ वाटले तर ‘विपरीत’. गावाकडच्या तोंडी ‘इपरीत’. माणूस चारचौघांसारखा वागेना तर ‘जगावेगळा’, आणि या शब्दात तक्रार की अभिमान हे बोलणाऱ्याच्या आवाजावर ठरते.

माणसांसाठी तर उतरंडच आहे. ‘लहरी’ माणूस केव्हा काय करील सांगता येत नाही. ‘तऱ्हेवाईक’ माणसाच्या खोडी ठरलेल्या असतात. ‘विक्षिप्त’ म्हणजे शब्दशः इतस्ततः फेकला गेलेला. केंद्र सुटलेल्या ‘एक्सेंट्रिक’चा हा सख्खा भाऊ. ‘चक्रम’ला प्रतिष्ठा नाही. आणि या सगळ्यांच्या वर ‘अवलिया’. अरबी ‘वली’ म्हणजे ईश्वराच्या जवळचा, सत्पुरुष. ‘औलिया’ हे त्याचे अनेकवचन. इंदापुरात चाँदशाहवलींचा दर्गा आहे, तिथला ‘वली’ तो हाच. मराठीने हे अनेकवचन घेऊन एकाच माणसाला लावले : ज्याला जगाची रीत लागू नाही, पण ज्याच्यापुढे आपण मान लववतो असा. इंग्रजी ‘एक्सेंट्रिक’मध्ये ही मान लववणे नाही.

मोरोपंत आणि ‘विचित्र’

आता मूळ खटल्याकडे. विद्यार्थ्याने लिहिलेला ‘विचित्र’ हा शब्द चूक होता का?

आजच्या मराठीत ‘विचित्र’ म्हणजे खटकणारे, बरे न वाटणारे. ‘वास विचित्र येतोय’ म्हटले की आपण अन्न टाकून देतो. पण संस्कृतात ‘विचित्र’ म्हणजे नाना रंगांचे, नक्षीदार, म्हणून मनोहर आणि आश्चर्यकारक. महाभारतातल्या शंतनूच्या मुलाचे नाव विचित्रवीर्य. कोणता बाप मुलाचे नाव आजच्या अर्थाने ‘विचित्र’ ठेवील? काश्मीरचा काव्यशास्त्रज्ञ कुंतक याने काव्याचे तीन मार्ग सांगितले : सुकुमार, विचित्र आणि मध्यम. त्यातला विचित्र मार्ग म्हणजे अलंकारांनी झळाळणारा, कसबी कवीलाच साधणारा.

कसबाने घडवलेले, नक्षीदार, मग फार नक्षी म्हणून अनोखे, मग खटकणारे. ‘क्वेंट’ ज्या वाटेने गेला, बरीचशी त्याच वाटेने ‘विचित्र’ गेला. फरक शेवटच्या वळणावर आहे. इंग्रजी शब्द गोडाकडे वळला, मराठी शब्द कडूकडे.

या वाटेचा चालताबोलता पुरावा बारामतीतच आहे. मयूर कवी म्हणजे मोरोपंत पन्हाळ्याला १७२९ साली जन्मले आणि बाबूजी नाईक जोशी यांच्या आश्रयाने बारामतीला येऊन राहिले. नाईकांकडे पुराण सांगणे हे त्यांचे काम. कऱ्हेच्या काठी त्यांनी आर्याभारत रचले, केकावली रचली आणि १७९४ साली देह ठेवला. त्यांनी अनेक रामायणे रचली. अष्टोत्तरशत रामायणे म्हणून ती ओळखली जातात. त्यांतले एक ‘निरोष्ठ रामायण’. ओठांनी उच्चारायचे प, फ, ब, भ, म हे वर्ण त्यात वर्ज्य. नियम किती कठीण बघा : ‘राम’ या शब्दातच ‘म’ आहे. म्हणजे रामाचे नाव न घेता रामायण सांगायचे. कवीला त्यात आपले नाव घालता येत नाही आणि गावाचेही नाही, कारण ‘मोरोपंत’ आणि ‘बारामती’ दोन्ही ओठांवरच येतात.

अशा रचनेला संस्कृत परंपरेत चित्रकाव्य म्हणतात. ‘चित्र’ आणि ‘विचित्र’ एकाच मुळाचे. नाईकांच्या वाड्यातल्या श्रोत्यांनी हे ऐकून ‘विचित्र!’ म्हटले असते तर ती दाद ठरली असती. शंभर वर्षांच्या आत काळ पालटला. इंग्रजी काव्य वाचलेल्या पिढीला हेच कसब कृत्रिम वाटू लागले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांना निबंधमालेत मोरोपंतांच्या कवितेची बाजू घेऊन लिहावे लागले. पंतांची ओळ बदलली नव्हती. बदलले होते ते विशेषण, आणि विशेषण बदलल्यामुळे वाचक. एका पिढीने ‘कृत्रिम’ म्हटले की पुढची पिढी पुस्तक उघडत नाही. आज बारामतीत पंतांचे नाव सर्वांना ठाऊक आहे, आर्या पाठ असणारे मोजके आहेत.

म्हणून तो शब्द मुलाने कोशातून उचलला तेव्हा, नकळत का होईना, त्याचा हात एका जुन्या नात्यावर पडला होता. आजच्या मराठीत ते भाषांतर चालणार नाही, हे खरे. पण ती हसण्यासारखी चूक नव्हती. शिकवण्यासारखी होती, आणि मी ती संधी घालवली.

पाण्याखालचे विशेषण

राहिली त्याची दुसरी गोष्ट. एका दुष्काळी सालच्या उन्हाळ्यात मी पळसदेवला गेलो.

उजनी धरण १९८० च्या सुमारास पुरे झाले आणि भीमेकाठची अनेक गावे त्याच्या फुगवट्याखाली गेली. पळसदेव त्यांतले एक. माणसे वर नव्या जागी वसली, पळसनाथाचे जुने देऊळ पाण्यात राहिले. धरण भरले की ते बुडते. उन्हाळ्यात पाणी ओसरत गेले की आधी शिखर दिसू लागते आणि फारच ओसरले तर सगळे देऊळ मोकळे होते. मुलाने वर्गात सांगितले होते ते शब्दशः असे होते.

मी गेलो तेव्हा काठावर तीन प्रकारची माणसे होती. कॅमेरे घेऊन आलेली तरुण मंडळी ‘अमेझिंग’ आणि ‘क्वेंट’ म्हणत होती. हातात वर्तमानपत्र घेतलेले एक गृहस्थ ‘प्राचीन हेमाडपंती मंदिर’ असे वाचून दाखवत होते. सरकारी भाषेत ही जागा ‘बुडीत क्षेत्र’. बुडीत कर्जाला लागतो तोच शब्द. आणि नातवाचा हात धरून चाललेली एक म्हातारी चिखलातून पायाखालचे दगड ओळखत चालली होती. तिने ना ‘प्राचीन’ म्हटले, ना ‘विचित्र’. ती म्हणाली, ‘‘हे आमचं जुनं गाव. हितं आमचं दार होतं.’’

ही निवड केवळ शब्दांची नाही. गावात एखाद्या वाड्याला कोणते विशेषण लागते यावर त्याचे पुढचे आयुष्य ठरते. ‘जीर्ण व धोकादायक’ ठरला तर नोटीस येते आणि पाडकाम होते. ‘ऐतिहासिक’ ठरला तर निधी येऊ शकतो. ‘अँटिक’ ठरला तर त्याचे दरवाजे आणि तुळया सुट्या होऊन विकल्या जातात. १९७२ च्या पुरावस्तूंच्या केंद्रीय कायद्यात तर वर्षेच मोजली आहेत : वस्तू शंभर वर्षांची हवी, हस्तलिखित पंचाहत्तर वर्षांचे असले तरी पुरते. नव्याण्णव वर्षांचा कोरीव खांब त्या हिशोबात नुसता जुना. बोलीचेही तसेच. आजीच्या तोंडच्या ‘अप्रूप’, ‘आक्रीत’, ‘जुनेर’ या शब्दांना आपण ‘गावंढळ’ म्हटले की नात ते बोलत नाही, आणि दोन पिढ्यांनी आपणच त्यांच्यावर शोधनिबंध लिहितो.

मग ‘क्वेंट ओल्ड व्हिलेज’चे मराठी काय करावे? मी आता विद्यार्थ्यांना सांगतो, विशेषणाला विशेषण शोधू नका. आधी कोण बघतो आहे ते ठरवा. प्रवासी बघत असेल तर ‘जुन्या वळणाचे, पाहत राहावेसे वाटणारे गाव’ म्हणा. थट्टा असेल तर ‘जुन्या काळात अडकलेले गाव’. कारागिरीचे कौतुक असेल तर ‘नक्षीदार’, ‘देखणे’. आणि बोलणारा तिथला असेल तर ‘क्वेंट’ खुशाल गाळा. त्याच्या तोंडी तो शब्द नसतोच. ‘आमचं जुनं गाव’ एवढे लिहा. लागेल ते सगळे त्या ‘आमचं’मध्ये येते.

तो मुलगा पुढे कुठे गेला मला माहीत नाही. त्याची वही परत हातात आली, तर लाल रेघ मला पुसता येणार नाही. पण समासात लिहायला जागा असेल. तिथे लिहीन : ‘शब्द जुन्या अर्थाने बरोबर. गाव बघून आलो. तुझे म्हणणे खरे आहे.’